कोपऱ्यावर कोण उभं राहणार?

– एक डावा कोपरा, टी. ई. (मेकॅनिकल), गर्ल्स होस्टेल

सुरुवातीलाच एक सोपं गणित सोडवूया. घाबरू नका, एम-थ्री नाहीये!

कबड्डीचा सामना ४० मिनिटांचा. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. म्हणजे एका सामन्यात साधारण ८० चढाया आणि त्यातल्या निम्म्या आपल्या अंगावर येणार. आता प्रो कबड्डी लीगमधे पकडीचे सगळ्यात जास्त गुण ज्याच्या नावावर जमा आहेत, त्या खेळाडूची सरासरी काढली तर ती येते मॅचमागे जेमतेम तीन. चाळीस वेळा समोरचा अंगावर येतो आणि एवढा मोठा बचावपटू त्यातून तीन गुण काढतो! मग उरलेल्या सदतीस वेळा तो करतो तरी काय?

हा लेख त्या सदतीस वेळांबद्दल आहे.

त्या खेळाडूचं नाव फजल अत्राचली. जन्म १९९२ चा, गाव इराणमधलं गोरगान, खेळायची जागा डावा कोपरा. माणूस इराणचा असला तरी उमेदीची कितीतरी वर्षं तो मुंबईच्या आणि पुण्याच्या जर्सीत खेळला. त्यामुळे मी त्याला आपलाच धरते. कबड्डी बघणारे त्याला 'सुलतान' म्हणतात.

माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे बास्केटबॉलचं कोर्ट होतं, थ्रोबॉल होता, पण कबड्डी नव्हती. निदान रेषा, लोण, घोटा पकड हे शब्द मला कर्जतला आल्यावर कळले. निम्मे टीव्हीवरून आणि निम्मे आपल्या मेसमधल्या दादांकडून. दादा राहतात होस्टेलमागच्या ठाकूरवाडीत. पूर्वी ते स्वतः कोपऱ्यावर खेळायचे, आणि कबड्डीचा विषय निघाला की त्यांच्या हातातला पोळीचा चिमटा हवेतच थांबतो!

कोपरा म्हणजे नक्की काय?

सात जणांची फळी अर्धवर्तुळात उभी असते. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या आत मध्यरक्षक वगैरे. आपण चढाईपटूकडे तोंड करून उभे राहिलो की आपल्या डाव्या हाताला डावा कोपरा. समोरासमोर असल्यामुळे त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. आणि बरेचसे चढाईपटू उजव्या हाताचे असतात. साहजिकच डाव्या कोपऱ्याला सहसा सुट्टी नसते.

आता मोजमापं बघा. पुरुषांच्या मैदानाचा एक अर्धा भाग ६.५ मीटर खोल असतो. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा. ही ओलांडली नाही तर चढाईपटू बाद. तिच्या पुढे १ मीटरवर, म्हणजे ४.७५ मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात जण असतील तेव्हा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्याच वेळी दुसरा पाय हवेत ठेवायचा, की बोनसचा एक गुण मिळतो.

इथेच मेकॅनिक्स सुरू होतं. बोनस घेताना चढाईपटू एका पायावर उभा असतो. शरीर पुढे झुकलेलं, सगळा भार एका तळव्यावर. ज्या पायावर भार आहे तो पाय त्या क्षणी उचलता येत नाही. कोपरा नेमका त्याच पायाच्या घोट्यावर सूर मारतो. ही झाली घोटा पकड.

पण समजा तो पडला आणि सरपटत मध्यरेषेला हात लावलाच तर? सहा फुटी माणूस हात लांब करून पालथा पडला तर पायापासून बोटांपर्यंत साधारण सव्वादोन मीटर होतो. बोनस रेषेवर घोटा धरला तर मध्यरेषा त्याच्या बोटांपासून अडीच मीटर लांब राहते. तेवढ्यात बाकीचे सहा जण त्याच्यावर येऊन पडतात, विषय संपला. तोच घोटा निदान रेषेवर धरला तर अंतर उरतं फक्त दीड मीटर. एक जोरदार झटका दिला, थोडं सरपटलं की हात रेषेवर! म्हणजे पकड तीच, ताकद तीच, पण एक मीटर आधी गेलो तर गुण त्यांचा.

मेसमधले दादा हेच एका वाक्यात सांगतात, "ताई, कोपऱ्यानं घाई नाय करायची. तो येतोय ना, येऊ द्या त्याला."

न जाण्याचं गणित

घाई न करण्यामागे अजून एक कारण आहे, आणि ते गुणपत्रिकेत लपलेलं आहे. पकड यशस्वी झाली तर आपल्याला एक गुण. पकड फसली तर मात्र जितक्या जणांना त्याचा स्पर्श झाला तितके सगळे बाद आणि तितके गुण त्यांना. कोपऱ्यानं उडी मारली, शेजारची मदतीला धावली आणि तो दोघींना घेऊन निसटला, तर दोन गुण गेले.

म्हणजे मिळाला तर एक, गेले तर दोन. हा व्यवहार फायद्यात आणायचा असेल तर तीनपैकी दोनपेक्षा जास्त वेळा पकड जमायला हवी. तेवढी खात्री नसेल तर जागा न सोडणं बरं. मात्र आपल्या बाजूला तिघं किंवा त्याहून कमी उरले असतील तर हिशेब बदलतो. तेव्हाच्या पकडीला, म्हणजे सुपर टॅकलला, दोन गुण असतात. दोन मिळणार किंवा दोन जाणार, मग निम्म्या वेळा जमलं तरी नुकसान नाही. हरत आलेली टीम अचानक धाडसी खेळायला लागते ना, त्याचं कारण बऱ्याच वेळा हेच असतं.

जागा न सोडण्याचा आणखी एक फायदा प्रो कबड्डीच्या नियमात आहे. एखाद्या टीमच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. त्या चढाईत गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद. आता त्याला आत यावंच लागतं. इतका वेळ लांबून हात फिरवून परत जाणारा माणूस आपल्या पायानं बोनस रेषेजवळ येतो. आणि कोपरा तिथेच उभा असतो! पहिल्या दोन चढायांत काही घडलं नाही असं आपल्याला टीव्हीवर वाटतं, पण तिसऱ्या चढाईतल्या पकडीचं काम तिथेच सुरू झालेलं असतं.

या सदतीस वेळांमधे कोपरा असं बरंच काही करत असतो. एक पाऊल पुढे टाकून चढाईपटूला मागे ढकलणं, मधल्या फळीला इशारा करणं, बोनसची वाट अडवणं, पकडीचं नुसतं सोंग करून तीस सेकंद संपवणं. यातल्या एकाही गोष्टीला गुण नाही.

फजलचा प्रवास

प्रो कबड्डी सुरू झाली २०१४ मधे. दुसऱ्या वर्षी, २०१५ मधे, यू मुंबानं अंतिम सामन्यात बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून विजेतेपद मिळवलं. त्या टीममधे कप्तान अनुप कुमार होता, बचावाला सुरेंदर नाडा, मोहित चिल्लर, जीवा कुमार आणि आपला मुंबईचा विशाल माने. अशा तगड्या फळीत इराणहून आलेला फजल सामील झाला. इराणात कुस्ती म्हणजे जीव की प्राण. कमरेत वाकून समोरच्याच्या पायांचा अंदाज घेणं हे त्या लोकांना वेगळं शिकवावं लागत नाही. घोटा पकड आणि दोन्ही मांड्या कवेत घेणारी पकड ही फजलची खास हत्यारं.

२०१६ च्या चौथ्या हंगामात तो पाटणा पायरेट्सकडे गेला. टीम विजेती ठरली आणि सर्वोत्तम बचावपटूचा मान फजलला मिळाला. २०१७ मधे तो गुजरातकडून खेळला. डाव्या कोपऱ्यावर फजल, उजव्यावर त्याचाच देशबांधव अबोझर मिघानी. लीगमधे नवीनच आलेली टीम या जोडीच्या जोरावर थेट अंतिम सामन्यात पोचली. आणि तिथे प्रदीप नरवाल नावाचं वादळ आलं. त्यानं एकट्यानं १९ गुण घेतले, पाटण्यानं ५५-३८ असा सामना जिंकला. बचावपटूच्या नशिबात हेही असतं. अख्खा हंगाम भिंत उभी राहिली तर तिचं नाव फारसं निघत नाही, पण एका संध्याकाळी ती पडली तर सगळ्यांना दिसते.

पण पुढच्याच वर्षी, मे २०१८ मधे, लिलाव झाला आणि यू मुंबानं फजलसाठी एक कोटी रुपये मोजले. प्रो कबड्डीच्या लिलावात कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू कोण, तर एक बचावपटू! (त्याच लिलावात मोनू गोयत या चढाईपटूला १ कोटी ५१ लाख मिळाले, म्हणजे विक्रम काही फार टिकला नाही. पण पहिला तो पहिलाच.)

त्याच वर्षी ऑगस्टमधे जकार्ताला एशियाड झालं. १९९० मधे एशियाडमधे कबड्डी आल्यापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची होती. २०१८ च्या उपांत्य सामन्यात इराणनं भारताला २७-१८ असं हरवलं आणि अंतिम सामन्यात कोरियाला २६-१६. फजल त्या टीममधे होता. आकडे नीट बघा. भारताला १८ आणि कोरियाला १६ गुणांवर थोपवलं, सुवर्णपदक बचावानं आणलं. वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू! महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनं भारताला २७-२४ असं हरवलं, आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. म्हणजे इराणचा कोपरा मुंबईत आणि नाशिकच्या मॅडम इराणात. खेळ असा फिरतो.

२०१९ च्या हंगामात फजल पुन्हा सर्वोत्तम बचावपटू ठरला. २०२२ मधे पुणेरी पलटणनं त्याला १ कोटी ३८ लाखांना घेतलं आणि कप्तान केलं. त्या हंगामात त्यानं मनजीत चिल्लरला मागे टाकून पकडींच्या यादीत पहिला नंबर मिळवला, आणि पुण्याची टीम पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचली. तिथे जयपूरनं त्यांना ३३-२९ असं हरवलं. २०२४ च्या हंगामात बंगालकडून खेळताना फजल पकडीच्या ५०० गुणांचा टप्पा ओलांडणारा पहिला खेळाडू झाला. आणि २०२५ मधे, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, तो दबंग दिल्लीच्या विजेत्या टीममधे होता. अंतिम सामना कोणाविरुद्ध? पुणेरी पलटण! ३१-२८.

आता शेजारी प्रदीप नरवालचा आकडा ठेवा. २०२५ मधे निवृत्त झाला तेव्हा त्याचे चढाईचे गुण होते १८०० च्या वर. फजलचे पाचशेच्या पुढे. नुसत्या आकड्यांकडे बघून वाटेल की एक दुसऱ्याच्या तिप्पट मोठा आहे. तसं नाही. दोघांची कामंच वेगळी आहेत, आणि एकाच फुटपट्टीनं मोजली की दुसरं लहान दिसणारच.

कर्जतकरांना हे समजायला सोपं आहे

आपल्या स्टेशनवर पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात त्या बँकर इंजिनं लावायला. गाडीच्या मागे ही इंजिनं जोडली जातात आणि ठाकूरवाडी, मंकी हिल करत गाडीला ढकलत लोणावळ्यापर्यंत घाट चढवतात. लोणावळ्याला ती निघतात. आत चहा पिणाऱ्या प्रवाशाला पत्ताही नसतो. फोटो पुढच्या इंजिनाचा निघतो. कोपरा म्हणजे हे मागचं इंजिन.

बास्केटबॉलमधेही हेच चित्र आहे. एनबीएचा बेन वॉलेस १९९६ च्या ड्राफ्टमधे कोणत्याही टीमनं निवडला नव्हता. कारकिर्दीची सरासरी मॅचमागे सहा गुणांच्याही आत. पण सर्वोत्तम बचावपटूचा किताब त्यानं चार वेळा मिळवला, २००४ मधे डेट्रॉइट पिस्टन्सला विजेतेपद मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा होता आणि २०२१ मधे त्याचं नाव हॉल ऑफ फेममधे लागलं. ड्राफ्टच्या दिवशी त्याचे गुण मोजणाऱ्यांना तो दिसला नाही, बास्केटखाली त्याच्याशी झुंजणाऱ्यांना दिसला.

आणि आता मुद्द्याचं

हे सगळं सांगण्याचं कारण दूरचं नाही, होस्टेलच्या मागचंच आहे. भातकापणी झाली की ठाकूरवाडीतलं एक खाचर मोकळं होतं. मुलं ढेकळं फोडतात, पाणी मारून जमीन चोपतात, फक्कीनं रेषा आखतात आणि संध्याकाळी बल्बच्या उजेडात खेळ सुरू होतो. दादांचा पुतण्या तिथे डाव्या कोपऱ्यावर खेळतो. वय अठरा, आयटीआयला जातो. अंगानं किरकोळ, पण जागेवरून हलत नाही. गेल्या हिवाळ्यात एका स्पर्धेत मी त्याचा खेळ बघितला. पकडीचे गुण मिळाले दोन. पण दुसऱ्या हाफमधे समोरचे चढाईपटू त्याच्या बाजूला येतच नव्हते, सगळे उजवीकडे वळत होते, आणि उजवीकडे बाकीचे टपून बसलेले होते. त्याची टीम जिंकली. पुढच्या निवडीसाठी नावं काढली ती गुणांच्या कागदावरून. याचं नाव आलं नाही.

त्या दिवसापासून तो चढाईचा सराव करायला लागला आहे. "कोपऱ्यात कोण बघतं?" असं तो काकांना म्हणाला. दादा गप्प बसले.

त्याच्यासाठी हा फक्त हौसेचा प्रश्न नाही. कबड्डीपटूंना रेल्वेत, पोलिसांत, बँकांत, कंपन्यांच्या टीममधे खेळाडू म्हणून नोकऱ्या मिळतात. वाडीतल्या मुलाला ती एक नोकरी म्हणजे घरातल्या चार माणसांचा आधार. त्यासाठी आधी निवड व्हायला हवी, मातीवरून मॅटवर जायला मिळायला हवं. मॅटवर बूट घालून खेळतात, पायाला ग्रिप मिळते, चढाईपटू झटकन दिशा बदलतो. मातीवरचं टायमिंग तिथे पुन्हा बसवावं लागतं, त्याला वेळ लागतो. आणि तो वेळ निवड झालेल्यालाच मिळतो.

वरच्या पातळीवर लोकांना हे कळायला लागलंय. २०२३ मधे पुणेरी पलटणनं मोहम्मदरझा शादलूईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तोही इराणी, तोही डाव्या कोपऱ्यावरचा. त्या हंगामात त्यानं पकडीचे ९९ गुण मिळवले आणि १ मार्च २०२४ ला पुण्यानं पहिलं विजेतेपद जिंकलं, अंतिम सामन्यात हरियाणाविरुद्ध २८-२५. एवढ्या कमी गुणांचा सामना बचावाशिवाय जिंकता येत नाही. फजलनं कोपऱ्याची किंमत वाढवून ठेवली नसती तर शादलूईसाठी कोणी इतके पैसे मोजले असते का, मला शंका आहे.

प्रश्न खालच्या पातळीचा आहे, जिथे गुण एका कागदावर पेनानं लिहिले जातात. म्हणून आपल्या स्पोर्ट्स कमिटीला आणि जिमखान्याच्या सरांना माझी एक साधी विनंती आहे. यंदा स्पोर्ट्स वीकच्या कबड्डीच्या गुणपत्रिकेत एक रकाना वाढवा. प्रत्येक चढाईला लिहायचं, चढाईपटू कोणत्या बाजूला गेला आणि रिकामा परतला का. पेन तेच, माणूस तोच, काम फक्त एका खुणेचं. सामना संपल्यावर त्या खुणा मोजल्या की कोणता कोपरा किती वेळ बंद होता हे आपोआप कळेल. डेटाबेसवाल्यांनी वाटलं तर एक्सेल शीट करून द्यावं, आम्ही मेकॅनिकलवाले उभे राहून खुणा करू.

आणि हा कागद जमला तर त्याच्या चार कोऱ्या झेरॉक्स मला हव्या आहेत. भातकापणी जवळ आली आहे. वाडीतल्या खाचरावर रेषा आखल्या गेल्या की मी त्या दादांच्या हातात नेऊन देणार आहे. पुतण्याला परत कोपऱ्यात उभं करायचं तर "कोण बघतं?" या प्रश्नाचं उत्तर कागदावर असलेलं बरं.